शेंदरी बोंडअळीची कुळकथा



"बीटी लावली, तरी बोंडात अळी. बियाणंच खोटं निघालं!" असं आपण पारावर ऐकतो. पण नुसतं आजचं बोंड फोडून हे कोडं सुटायचं नाही. अळीचा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

ही अळी आपल्याकडे जुनीच. भारतातल्या कपाशीवरचे नमुने पाहून शास्त्रात तिची नोंद १८४३ साली झाली. २००२ साली बीटी कपाशी आली. तिच्या पानाबोंडांतच अळीला मारक द्रव्य असतं. सुरुवातीला अळ्या मेल्या. पण लाखांत एखादी अळी जन्मतःच ते पचवणारी असते. अळी काही शिकत नाही, बरं का! बाकीच्या मरतात, ही उरते आणि हिचीच पिलावळ वाढते.

यावर उपाय होता: बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी. तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी चिवट पतंगांचं मीलन झालं, की त्यांची बहुतेक पिलं बीटीवर मरतात. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, तिला अशी जागा आपोआप मिळते. शेंदरीला मात्र जवळजवळ कपाशीच लागते. पण साध्या बियाण्याची वेगळी पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही. कधी ती निकृष्टही निघे. त्यात फरदडीमुळे अळीचं खाणं पुढे चालू राहिलं. २००६ साली दोन द्रव्यांची बीटी आली. तिचीही तीच गत झाली. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडं किडून मोठं नुकसान झालं.

हीच अळी अमेरिकेतही होती. तिथल्या ॲरिझोना राज्यात साधी कपाशी नेमाने लावली, पुढे वांझ केलेले पतंगही सोडले. २०१८ साली अमेरिकेने आपल्या कापूस भागातून अळी हटल्याचं जाहीर केलं. कीड तीच, द्रव्यही तेच. मागचा इतिहास तेवढा वेगळा.

तेव्हा एवढं करा:

१. डिसेंबरअखेर कपाशी संपवा. फरदड घेऊ नका.
२. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. त्यात अळी दडून बसते.
३. हंगामापूर्वी लागवड टाळा, पिकाची फेरपालट करा.
४. एकरी दोन कामगंध सापळे लावा.
५. एक वही घाला. वाण, लागवडीची तारीख, फवारणी आणि पहिली अळी कधी दिसली, ते दरवर्षी लिहा.

सातबाऱ्यावर जमिनीचा इतिहास असतो, किडीचा नसतो. तो आपला आपणच लिहायचा.