साऱ्याच चिमण्या नव्हेत
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्वारी हुरड्यात आली, की आम्हा पोरांना पाखरं राखायला माळ्यावर बसवत. गोफण फिरली की थवा उठायचा आणि आम्ही ओरडायचो, ‘चिमण्या उडाल्या!’ घरच्या दखनी बोलीत तर या साऱ्यांना ‘चिड्या’ हे एकच नाव. पुढे कवितेतही मी तेच केलं. लहानसं मातकट पाखरू दिसलं, की लिहिली चिमणी!

पण श्रोतेहो, त्या थव्यात तीन घराणी असत. चिमणी, सुगरण आणि मनोली, म्हणजे मुनिया. तिघींचीही चोच आखूड, जाड, दाणा फोडणारी. त्यात हिवाळ्यात सुगरण नराचा पिवळा रंग उतरतो आणि तोही चिमणीसारखाच दिसू लागतो. आमचीच काय, जाणत्यांचीही पंचाईत होती. डॉ. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या ग्रंथातही या तिघी एकाच कुळात होत्या. पुढे डीएनएच्या अभ्यासातून नाती उलगडली. सुगरण आणि मनोली एकमेकींच्या जवळच्या, चिमणी मात्र लांबची निघाली. आज तिघींची तीन कुळं मानतात.

त्यांची गावंही वेगळी. सुगरणीच्या कुळात शंभराहून अधिक जाती. त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत, भारतात फक्त चार. मनोलीचे भाऊबंद आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले. चिमणीचं कूळ मूळचं युरोप, आशिया आणि आफ्रिकेतलं. अमेरिकेत तिचा पत्ताही नव्हता. १८५०च्या सुमारास माणसानंच घरचिमणी न्यूयॉर्कला नेऊन सोडली आणि ती खंडभर पसरली. जिथं माणसाची वस्ती, तिथं तिचं घर.

आपल्या चार सुगरणींपैकी एकीचं नशीब मात्र नेमकं उलटं. तिला फिनची सुगरण म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याची तराई आणि आसाम, एवढाच तिचा मुलूख, आणि तिथंही तिला उंच गवताची रानं लागतात. ती रानं नांगराखाली गेली, तशी तीही आटली. आज ती जगातल्या संकटग्रस्त पाखरांत मोजली जाते. शंभर बहिणी आफ्रिकेत सुखी आहेत, म्हणून ही वाचत नाही.

‘साऱ्या चिमण्याच’ म्हटलं, की नुसता थवा दिसतो. त्यातली एक कायमची गेली तरी कळत नाही. म्हणून आता थवा उठला, की मी थांबतो. तो पुन्हा कणसांवर उतरू देतो आणि एकेकीला नावानं ओळखू पाहतो.