वेग मात्र तिचा

लग्नाला चाळीस वर्षं झाली, की सहल आखताना आधी गुडघ्यांचं मत घ्यावं. आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी तीन दिवस पायी हिंडायचं, असा तिचा हट्ट. बँकेच्या बदल्यांत आम्ही गावं पाहिली ती सामान उतरवता उतरवता. नुसतं हिंडणं राहूनच गेलं.

म्हणून फोर्ट कोची. शनिवारी समुद्रकाठची चिनी जाळी, मग जवळचं, मूळ १५०३ चं सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामाला १५२४ मध्ये इथंच पुरलं होतं. पुढं त्याचे अवशेष लिस्बनला नेले. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, १५६८ चं परदेसी सिनेगॉग शनिवारी बंद; तेव्हा दोन्ही रविवारी. पोर्तुगीज काळात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची वस्ती तिथंच आहे. कोकणी कानावर पडली, की हिला माहेरी आल्यासारखं वाटेल. सोमवार मोकळा.

जोडप्यानं सहलीला जायचं ते स्थळं मोजायला नव्हे, मंडळी. एकमेकांची चाल पुन्हा ओळखायला. वेळापत्रक मी केलंय. दर अर्ध्या तासाला चहा लिहिलाय. वेग मात्र तिचा.