मत्स्यपेटीची जैविक गाळणी : माध्यम कोणते निवडावे?

घरातील अथवा शाळेतील मोठ्या मत्स्यपेटीचे पाणी काचेसारखे निर्मळ दिसत असतानाही मासे एकाएकी मरू लागतात, असा अनुभव पुष्कळांना पहिल्या महिन्यातच येतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया सतत पाण्यात मिसळत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि केवळ गाळ अडविणाऱ्या गाळणीने तो दूरही होत नाही.

हे कार्य जीवाणू करतात. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये ते प्रथम वेगळे करून दाखविले. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य असून पाणी अंशतः बदलून ते कमी करता येते. हे जीवाणू पृष्ठभागाला चिकटून वाढतात. गाळणीतील माध्यम म्हणजे त्यांची वस्ती होय.

साहजिकच पृष्ठफळ महत्त्वाचे ठरते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले तर ते ६० होते. परंतु म्हणून बारीक वाळू भरणे हिताचे नव्हे. ती गाळाने लवकर भरते, पाणी आडवाटेने जाते आणि प्राणवायूअभावी आतील जीवाणू निकामी होतात. सच्छिद्र चिनी मातीच्या महागड्या कड्यांबाबतही विवेक हवा. त्यांच्या अतिसूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ कागदावर प्रचंड भरते. पण त्या छिद्रांतून पाणी खेळत नाही आणि जीवाणूंच्याच थराने त्यांची तोंडे बुजतात. किमतीच्या मानाने लाभ अल्पच.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. एवढ्या पेटीस जाड छिद्रांचा स्पंज प्रथम व त्यामागे मध्यम छिद्रांचा स्पंज किंवा प्लॅस्टिकची जाळीदार माध्यमे, ही योजना स्वस्त व धुण्यास सोपी पडते. भांडी घासण्याची प्लॅस्टिकची जाळीही चालते. मात्र तिला साबण लावलेला नसावा. खडी उपयोगी असली तरी एका घनफुटास तिचे वजन चाळीस किलोहून अधिक भरते. शिवाय दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत चुनखडीचे स्फटिक आढळतात. खडीवर लिंबाचा रस टाकून बुडबुडे आल्यास ती वापरू नये. चुन्याने पाण्याचा सामू वाढतो आणि तो ७ वरून ८ वर गेल्यास अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. शिंपले व प्रवाळ यांनाही हेच लागू आहे, समुद्री माशांची पेटी असल्यास गोष्ट निराळी.

जेथे वीज वारंवार जाते तेथे बंद डब्याच्या गाळणीपेक्षा उघडी, पाणी झिरपत जाणारी गाळणी बरी. बंद डब्यातील जीवाणू साठलेल्या पाण्यातील प्राणवायू थोड्याच वेळात संपवितात. खंड दीर्घ झाला असल्यास डब्यातील पाणी फेकून मगच पंप चालू करावा.

माध्यम नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्यात धुतल्यास वस्तीच नष्ट होते. ते पेटीतून काढलेल्या पाण्यातच, एका वेळी निम्मेच धुवावे. नव्या गाळणीत जीवाणूंची वाढ पुरेशी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच सोडावेत. निरोगी जुन्या पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास हा काळ बराच कमी होतो.