पाच रुपयांचा चोथा महाग कसा पडतो? वाळूजच्या गोठ्याचा हिशेब

वाळूज एमआयडीसीत बिअर तयार होते, हे सगळ्यांना माहीत आहे. बिअर गाळल्यावर बार्लीचा ओला चोथा उरतो आणि तो आसपासच्या गोठ्यांवर जातो, हे दूधवाल्यांना माहीत आहे. आता बाजारात दुसरा माल आलाय: मक्याचं इथेनॉल काढल्यावर जे उरतं ते वाळवून केलेलं खाद्य. पशुखाद्यवाले त्याला ‘डीडीजीएस’ म्हणतात. दोन्हींत स्वस्त कोणतं? बहुतेक जण म्हणतील, ओला चोथा. आपण आकडे मांडून बघू.

भाव रोज हलतात, त्यामुळे पुढचे भाव आम्ही फक्त हिशेबासाठी धरलेत. ओला चोथा 5 रुपये किलो, डीडीजीएस 18 रुपये किलो. पण ओल्या चोथ्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. किलोत कोरडा माल साधारण 220 ग्रॅम. म्हणजे कोरड्या मालाचा एक किलो पडला जवळजवळ 23 रुपयांना. डीडीजीएसमध्ये कोरडा माल 90 टक्के, तो किलो पडला 20 रुपयांना. झालं की उलटं! प्रथिनांवर मोजलं तर फरक आणखी वाढतो, कारण कोरड्या मालात डीडीजीएसचं प्रथिन साधारण 30 टक्के आणि चोथ्याचं 25च्या आसपास.

आता यात गाडीभाडं मिळवा. दहा टनांचा ट्रक आणि भाडं 5,000 रुपये धरू. ओल्या चोथ्याच्या ट्रकमधून खाद्य आलं 2.2 टन, बाकीचं पाणी. कोरड्या किलोमागे भाडं सव्वादोन रुपये. डीडीजीएसच्या ट्रकमध्ये तेच छप्पन पैसे. म्हणून ओला माल कारखान्याच्या जवळच परवडतो. अमेरिकेत नेब्रास्कात हेच दिसतं. तिथं इथेनॉल कारखान्यांच्या आसपास मांसासाठी हजारो जनावरं एका जागी पोसणारे फीडलॉट आहेत. जवळचे ओला माल घेतात आणि कारखान्याचा वाळवण्याचा इंधनखर्च वाचतो. लांबच्यांसाठी माल वाळवावाच लागतो.

आपल्याकडे तसे फीडलॉट नाहीत. 2015च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे आपला हिशेब दुधाच्या लिटरवरच बसवावा लागतो.

म्हणजे ओला चोथा घेऊच नये का? तसं नाही. गोठा कारखान्यापासून पाच-सात किलोमीटरवर असेल आणि भाव तीन-साडेतीन रुपये असेल, तर घ्यावा. जनावरं आवडीनं खातात. पण उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो. उरलेला टाकून द्यावा लागला तर तोही खर्चातच धरायचा. शिवाय पुरवठा आपल्या हातात नसतो. एप्रिल 2016 मध्ये भर दुष्काळात औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी कापायला लावलं, कपात 60 टक्क्यांपर्यंत गेली. निर्णय योग्यच होता. पण बिअर कमी म्हणजे चोथा कमी, आणि नेमकी तेव्हाच चाराटंचाई असते.

डीडीजीएसची अडचण वेगळी आहे. मक्यातला स्टार्च इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. साधारण तिसरा हिस्सा माल उरतो. त्यात प्रथिनं तिपटीनं दाट होतात, तसं बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तेही तिपटीनं दाट होतं. सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला, मका ओला राहिला, की हा धोका वाढतो. गाईच्या पोटातून त्याचा अंश दुधात उतरतो आणि दुधासाठी मर्यादा आहे किलोला 0.5 मायक्रोग्रॅम. तेव्हा पोत्यामागे दोन रुपये कमी म्हणून बिनतपासणीचा माल उचलू नका, विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागा. खुराकात डीडीजीएस पाव भागापर्यंतच ठेवावं. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून खनिज मिश्रण सोडू नये.

आता खरी गुंतागुंत. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं मर्यादा घातली आणि कारखाने मक्याकडे वळले. मक्याला गिऱ्हाईक मिळालं, ते चांगलंच झालं. पण सोबत डीडीजीएसही भरपूर आलं आणि ते सोयापेंडीच्या जागी बसू लागलं. सोयाबीनच्या शंभर किलोतून तेल निघतं अठरा-एकोणीस किलो, बाकी जवळजवळ सगळी पेंड. पेंडीचा उठाव कमी झाला की सोयाबीनचा भाव दबतो. 2024च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता आणि मराठवाड्याच्या बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं. याला डीडीजीएस हे एकच कारण नाही, जगभरच सोयाबीन मुबलक होतं. पण हेही एक कारण होतं.

दोन गाई आणि पाच एकर सोयाबीन असलेलं घर घ्या. गाईला रोजची एक किलो सोयापेंड, 36 रुपयांची, बंद केली. तेवढ्याच प्रथिनासाठी 1.67 किलो डीडीजीएस लागलं, 30 रुपयांचं. शिवाय अर्धा किलो मक्याची भरड वाचली, 11 रुपयांची. एका गाईमागे रोजचे 17 रुपये वाचले. दोन गाई आणि दुधाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला 10,200 रुपये. आता शेताकडे या. एकरी सहा क्विंटलनं तीस क्विंटल सोयाबीन. क्विंटलमागे 340 रुपये कमी मिळाले की बरोबर 10,200 रुपये गेले. गोठ्यात दहा गाई असतील तर हे घर फायद्यात राहतं. दोनच गाई असतील आणि भाव याहून खाली गेला, तर गोठ्यात वाचलेलं शेतात जातं.