पाणी खरंच वर चढतं का? विज्ञानाची समज तपासणारे खानदेशातले तीन प्रश्न



"पाणी उताराच्या दिशेने वाहते" ही रिकामी जागा बहुतेक मुलं बरोबर भरतात. दाबाची व्याख्याही पाठ असते. पण मुलाला ते समजलंय का, हे त्यावरून कळत नाही. समज तपासायची तर प्रश्न असा हवा की ज्याचं आयतं उत्तर पुस्तकात नाही आणि ज्याचा पडताळा मुलाला स्वतः घेता येतो. असे प्रश्न आपल्या आजूबाजूलाच आहेत. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी तीन प्रश्न देत आहे.

प्रश्न १ : नदी खाली, मग कालवा वर कसा?

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम नदीवर फड पद्धत आहे. ती ३००-४०० वर्षं जुनी मानली जाते. नदीत बंधारा, बंधाऱ्यापासून निघणारा कालवा, कालव्यातून चाऱ्या आणि तिथून शेतात पाणी. पाटकरी पाळीप्रमाणे पाणी सोडतो. यात मोटार नाही की पंप नाही.

आता मुलांना विचारा : बंधाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर पुढे गेलं की नदी खाली दिसते आणि कालवा शेतांच्या वरच्या अंगाला. मग पाणी वर कसं चढलं?

"बंधाऱ्याने ढकललं", "दाबाने चढलं" अशी उत्तरं येतील. खरं म्हणजे ते चढलेलंच नाही. समजा, नदी दर किलोमीटरला ३ मीटर उतरते आणि कालवा फक्त १ मीटर. दोघं एकाच पातळीवरून निघाले तर ३ किलोमीटरवर नदी ९ मीटर उतरलेली असेल, कालवा ३ मीटर. म्हणजे कालवा नदीपेक्षा ६ मीटर वर! तो सावकाश उतरला, एवढंच. मधली सगळी जमीन त्यामुळे भिजते.

पडताळा सोपा आहे. पाइप उभा कापून दोन पन्हळी करा. दोन्हींचं एक टोक एकाच उंचीवर ठेवा, एकीला जास्त उतार द्या, दुसरीला कमी, आणि पाणी सोडा.

पुढचा प्रश्न : कालव्याचा उतार फारच कमी ठेवला तर? गाळ साचेल. फार जास्त ठेवला तर? माती वाहून जाईल, आणि कालवा लवकर खाली आल्याने कमी जमीन भिजेल. मुलं इथपर्यंत आली की समजा, ती अभियांत्रिकीचा विचार करायला लागली.

प्रश्न २ : कोणती धार लांब पडेल?

बाटलीला खाली, मध्ये आणि वर अशी तीन भोकं पाडून दाबाचा प्रयोग आपण सगळेच करतो. "सर्वांत खालची धार सर्वांत लांब पडते" असं सांगतो. पण बाटली सपाट ताटात ठेवून बघा. पाणी २० सेंटीमीटर उंच आणि भोकं तळापासून ५, १० व १५ सेंटीमीटरवर असतील, तर मधली धार सर्वांत लांब जाते. वरची आणि खालची जवळजवळ एकाच ठिकाणी पडतात!

मग दाबाचा नियम चुकला का? नाही. खालच्या भोकातून पाणी सर्वांत वेगाने निघतं, पण ताट जवळ असल्याने त्याला पडायला वेळच कमी मिळतो. बाटली उंच स्टुलाच्या कडेवर ठेवून धारा जमिनीवर पडू द्या, मग खालचीच धार लांब जाईल. म्हणून "कोणती लांब पडते?" ऐवजी "कोणती जास्त वेगाने निघते, आणि का?" असं विचारावं. मग धरणाची भिंत खाली जाड का असते, हे मूल स्वतःच सांगेल.

प्रश्न ३ : मोटेच्या चाकामुळे वजन कमी होतं का?

मोट मुलांनी पाहिलेली नसते, पण घरातल्या आजोबांनी हाकलेली असू शकते. त्यांना विचारायला सांगा : बैल चालायचे ती धाव उताराची का असायची?

"चाकामुळे ओझं हलकं होतं" हा समज पक्का असतो. विहिरीवरच्या एका जागी बसवलेल्या चाकाने फक्त ओढण्याची दिशा बदलते. वर उचलायचं पाणी बैलांना पुढे चालून ओढता येतं. वजन तेवढंच राहतं. मात्र बैल उतारावरून खाली जातात तेव्हा त्यांचं स्वतःचं वजन मदतीला येतं. धावेचं मर्म इथे आहे.

पडताळ्यासाठी दोऱ्याचं मोकळं फिरणारं रीळ तारेत ओवा. दोरीच्या एका टोकाला दोन सारखे खडे बांधा, दुसऱ्याला तसाच एक. चाकाने वजन निम्मं होत असतं तर तोल साधला असता. साधतो का, ते बघू द्या.

गुण कसे द्यावेत?

क्रम असा ठेवा : आधी अंदाज, मग कारण, मग प्रयोग, शेवटी कारणात दुरुस्ती. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका. गुण कारणाला आणि दुरुस्तीला द्या. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर यांनी बलाच्या साध्या प्रश्नांची चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं होतं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं? मोठ्या विद्यापीठात हे होतं, तर आपल्या वर्गात होणारच. मुलाला जे वाटतं ते बाहेर आलं, तरच ते बदलता येतं.

आणखी एक. कारण अहिराणीत आलं तरी पूर्ण गुण द्या. रात्री वडिलांसोबत पाणी भरायला जाणारं मूल वाफ्यात पाणी कुठून फिरेल, हे अचूक सांगतं. "पानी खाले जास" एवढं म्हणून ते चारीचा उतार बोटाने दाखवतं. त्याला "गुरुत्वाकर्षण" शब्द लिहिता आला नाही म्हणून आपण त्याच्यावर कच्चा असा शिक्का मारला, तर आपण विज्ञान तपासलं नाही, फक्त भाषा तपासली. शब्द नंतर शिकवता येतो. समज मात्र त्याने शेतातून आणलेली असते, ती आपण ओळखायला हवी.

या आठवड्यात तीनपैकी एक प्रश्न वर्गात किंवा घरी विचारून बघा. उत्तर सांगायची घाई मात्र करू नका!