मंद आचेवर भाजलेला फरा

नाताळच्या दिवशी आपल्या घरांतून मांसाचे जे पदार्थ होतात, त्यांत सर्वांत कौतुकाचा आणि सर्वांत अधिक वेळा बिघडणारा पदार्थ कोणता, असे कोणी विचारले, तर भट्टीत भाजलेले डुकराचे मांस, असेच उत्तर द्यावे लागेल. विंदालू सहसा बिघडत नाही. रस्सा असल्यामुळे आणखी तासभर शिजवून त्याची चूक सुधारता येते. भाजलेल्या मांसाचे तसे नाही. वरून ते सुंदर तांबूस दिसते, पाहुणे वाहवा करतात, आणि पहिला घास तोंडात गेला की मंडळी गप्प बसतात.

असा एक गप्प बसलेला नाताळ मी उज्जैनला पाहिला आहे. आमची भाची तेथे राहते. तिचे यजमान पश्चिम रेल्वेत नोकरीस असून रतलाम विभागातच त्यांच्या बदल्या होत असतात. वसईहून त्यांनी आपल्या वृद्ध वडिलांनाही तेथे नेले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात भाचीने मोठ्या हौसेने दोन किलो मांस इंदूरहून मागविले, विजेच्या लहान भट्टीचा काटा अगदी वर नेऊन दीड तासात ते भाजून काढले आणि पानांत वाढले. बाबांच्या तोंडात आता कवळी आहे. त्यांनी एक तुकडा बराच वेळ चघळला, मग कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने तो पानाच्या कडेला ठेवला आणि वरणभात मागून घेतला. ते काही बोलले नाहीत. भाचीही काही बोलली नाही. पण रात्री भांडी आवरताना ती मला म्हणाली, “मावशी, घर सोडून आलेल्या माणसाला सणाचा एक घाससुद्धा मला नीट देता आला नाही.”

गेल्या नाताळात मी बोरिवलीहून अवंतिका एक्स्प्रेसने पुन्हा उज्जैनला गेले, ती हा घास नीट व्हावा या हेतूनेच. त्या वेळी जे शिकले, ते वाचक भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहे.

प्रथम मांस कोणते घ्यावे हे पाहू. जनावराचा जो भाग अधिक राबतो तो अधिक चिवट असतो. पाठीचा भाग राबत नाही, म्हणून तो कोवळा; परंतु त्यात चरबी थोडी असल्याने फार वेळ भाजल्यास तो कोरडा लाकडासारखा होतो. पुढच्या पायाच्या वरचा, खांद्याचा भाग, ज्याला आपण फरा म्हणतो, तो जनावराचे सारे ओझे वाहतो. त्याचे स्नायू जाड असतात, त्यांच्यामधून पांढऱ्या चिवट पापुद्र्यांचे जाळे गेलेले असते आणि अधूनमधून चरबीचे थर असतात. हे चिवट पापुद्रे ‘कोलॅजेन’ नावाच्या द्रव्याचे असतात. घाईने भाजणाऱ्याचे ते शत्रू, पण धीराने भाजणाऱ्याचे मित्र होत.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. मांसाच्या आतील उष्णता साठ-पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत गेली, की स्नायूंचे तंतू आकसतात आणि ओले फडके पिळावे तसा आतील रस बाहेर टाकतात. येथे भट्टी बंद केली तर मांस शिजलेले असते, पण चिवट असते. भाचीच्या पहिल्या प्रयत्नात हेच झाले होते. वरचा थर करपला होता आणि आतला भाग जेमतेम या अवस्थेला पोहोचला होता. परंतु धीर धरून उष्णता आणखी चढू दिली, तर सत्तर अंशांच्या पुढे कोलॅजेन हळूहळू विरघळू लागते आणि त्याचे जिलेटिन बनते. पायाचे सूप थंड झाल्यावर जसे थिजते, ते याच जिलेटिनमुळे. पंचाऐंशी ते पंचाण्णव अंशांच्या दरम्यान हे काम झपाट्याने होते. मग सुटे झालेले तंतू या मऊ रसात भिजून राहतात आणि मांस काट्याने ओढताच हाडावरून निघून येते. मात्र या रूपांतरास उष्णतेइतकाच काळ लागतो. आच वाढवून काळ वाचविता येत नाही.

ही गोष्ट मी पुस्तकी भाषेत सांगितली. पण भाचीला ती पटली ती शेजारच्या आजींच्या चुलीपाशी. उज्जैनमध्ये मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा इतिहास आपल्या वसईच्या इतिहासाशी जुळलेला आहे हे थोड्यांना ठाऊक असेल. ज्या चिमाजी अप्पांनी नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याच्या मोगल सुभेदारास हरविले आणि पुढे उज्जैनला वेढा घातला, त्यांनीच मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली. वसईच्या त्या वेढ्यात राणोजी शिंदेही होते, आणि याच राणोजींनी उज्जैनला आपले ठाणे केले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी त्यांच्याबरोबर आलेली बरीचशी मराठी घराणी क्षिप्रेच्या काठीच राहिली. शेजारच्या आजी अशाच एका जुन्या घरातल्या. त्या शाकाहारी आहेत आणि रोज महाकालाच्या दर्शनाला जातात.

माळव्यात दालबाफले हे सणाचे जेवण समजतात. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडावयाचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजावयाचे आणि तुपात बुडवावयाचे, अशी त्यांची रीत आहे. आजी अंगणात बाफले भाजीत होत्या. गोवऱ्या धडधडत असताना त्यांनी एकही गोळा ठेवला नाही. ज्वाळा विझल्या, निखाऱ्यांवर राखेची साय आली, तेव्हा त्यांनी गोळे मांडले. भाचीने कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “जाळ दिसायला चांगला गं, पण तो फक्त वरचं जाळतो. आतलं भाजायचं तर राखेखालचा विस्तव हवा.”

भाचीने त्यांच्यापासून काही लपविले नाही. नाताळच्या दिवशी आपल्या घरी कशाचे मांस व्हायचे आहे ते तिने सांगितले आणि वासाचा त्रास होईल का, असे विचारले. आजी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “ज्याचा सण त्याच्या घरचा स्वयंपाक, सूनबाई. खिडकी तेवढी लावून घे. सांगितलंस हे बरं केलंस.” संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात, आपल्या खाण्याने दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये याविषयी जे विवेचन केले आहे, त्याची मला त्या वेळी आठवण झाली. परक्या गावी, विशेषतः तीर्थक्षेत्री राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा विवेक अवश्य पाळावा. त्याने आपला सण लहान होत नाही.

आता कृती. हाड आणि चरबीचा थर असलेला दोन किलोंचा फरा घ्यावा. दहाबारा सुक्या काश्मिरी मिरच्या, पंधरा लसूण पाकळ्या, दोन बोटे आले, एक मोठा चमचा जिरे, एक लहान चमचा मिरी, चार लवंगा, बोटभर दालचिनी आणि अर्धा लहान चमचा हळद हे सर्व अर्धी वाटी शिरक्यात बारीक वाटावे. शिरका आणि लसूण यांची ही जोडी आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली. विंदालू हा शब्दही द्राक्षासव आणि लसूण या अर्थाच्या त्यांच्या शब्दांवरून आला आहे. आदल्या दिवशी मांसाला सुमारे तीस ग्रॅम मीठ चोळून तासभर ठेवावे आणि मग मसाला लावावा. मसाला व शिरका फार खोल जात नाहीत, मीठ मात्र रात्रभरात हळूहळू आत उतरते. म्हणून ते आदल्या दिवशीच लावणे अगत्याचे आहे. रात्रभर मांस शीतकपाटात झाकून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी मांस तासभर आधी बाहेर काढावे. खोलगट भांड्यात कांद्याच्या जाड चकत्या पसराव्यात, चरबीची बाजू वर करून त्यांवर मांस ठेवावे, तळाशी अर्धी वाटी पाणी घालावे आणि घट्ट झाकण किंवा दुहेरी चंदेरी कागद लावावा. भट्टी दीडशे अंशांवर आधीच तापवून ठेवावी. साडेचार तास भांडे उघडू नये. झाकणाचे महत्त्व असे, की उघड्या मांसातून पाण्याची वाफ होत राहते आणि आपल्याला घाम आल्याने जसे अंग थंड होते, तसे ते मांस मध्येच तापावयाचे थांबते. पुष्कळ गृहिणी याच वेळी धीर सोडून आच वाढवितात. साडेचार तासांनी सुरी खुपसून पाहावी. लोण्यात जावी तशी गेली, तर काम झाले. न गेल्यास आणखी अर्धा तास द्यावा. मग झाकण काढून भट्टी दोनशे वीस अंशांवर न्यावी आणि वीस मिनिटांत वरची चरबी खरपूस होऊ द्यावी. बाहेर काढल्यावर अर्धा तास मांसाला हात लावू नये. तेवढ्यात रस आत स्थिरावतो. कापताना तंतूंच्या आडवे कापावे. वृद्धांना आणि मुलांना त्यामुळे चावणे सोपे जाते. तळाच्या रसावरील चरबी काढून टाकावी आणि रस मांसावर वाढावा.

ज्यांच्या घरी भट्टी नाही त्यांनी निराश होऊ नये. गोव्यात नाताळाच्या वेळी पोदेराच्या भट्टीत घरोघरची भांडी भाजावयास देण्याची चाल होती. गावातला पाववाला ओळखीचा असेल, तर पाव निघाल्यावर निवत आलेली भट्टी या कामास उत्तम. नाही तर जाड बुडाचे पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवून, झाकणावरही थोडे निखारे ठेवावेत. आपल्या आज्या भानोळी अशीच करीत.

येथे आरोग्याविषयी दोन शब्द लिहिणे कर्तव्य आहे. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या आतड्यात जातो. कच्च्या मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे फोड दिसले, तर ते मांस घेऊच नये. अशा माणसाच्या मैल्यातील कृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांच्याद्वारे दुसऱ्याच्या पोटात गेल्यास त्यांतून निघणाऱ्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. आपल्या देशात अपस्माराचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून मांस पूर्ण शिजविणे, जनावरे बांधून पाळणे आणि शौचकूप वापरणे या तिन्ही गोष्टी एकाच आरोग्यधर्माच्या आहेत. नव्वद अंशांपर्यंत तास न् तास तापलेल्या फऱ्यात कृमी जगत नाही.

दुसरी गोष्ट डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांसाठी. आफ्रिकन स्वाइन फीव्हर ही साथ २०२० मध्ये प्रथम आसामात आढळली आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील रीवा येथेही पोहोचली. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरे मात्र झपाट्याने मरतात आणि गरीब घराचे वर्षाचे उत्पन्न बुडते. त्याचे विषाणू कच्च्या व अर्धकच्च्या मांसात जिवंत राहतात. यास्तव सणानंतरचे खरकटे तसेच डुकरांना घालू नये.

आता उज्जैनचा नाताळ. तेथील धर्मप्रांत सिरो-मलबार पंथाचा असल्याने मंडळींत केरळची कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकजण १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत मांस वर्ज्य करतात, त्यामुळे त्या दिवशीच्या घासाला त्यांच्या घरी वेगळीच गोडी असते. आम्ही रात्रीची मिस्सा आटोपून आलो, थोडा वेळ पडलो, आणि सकाळी सात वाजता भाचीने भांडे भट्टीत ठेवले. दहाच्या सुमारास तिचा हात काट्याकडे गेला. मी काही बोलणार, तोच तिने तो मागे घेतला आणि स्वतःशीच म्हणाली, “राखेखालचा विस्तव.” साडेअकराला सुरी सहज आत गेली. साडेबाराला आम्ही जेवावयास बसलो.

बाबांनी पहिला घास घेतला. कोणी त्यांच्याकडे पाहत नाही असे आम्ही सर्वांनी दाखविले. त्यांनी तो खाल्ला, फुगा मोडून रसात बुडविला, आणि मग ताट थोडे पुढे सरकवून म्हणाले, “हाडाजवळचा दे जरा.”

दुपारी भाची नेवऱ्यांचे ताट घेऊन शेजारी गेली. परतली ती तुपात बुडविलेले चार बाफले घेऊन. त्यांतला एक बाबांनी संध्याकाळी उरलेल्या रसाबरोबर खाल्ला, आणि तोही मऊ असल्याचे सांगितले.