तिसऱ्या वर्गाचा परदेश

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात डॉलरने नव्वद रुपयांची वेस ओलांडली, आणि त्याच सुमारास मी भाचीबरोबर दादरला पैसे बदलायला गेले. तिला मैत्रिणीसोबत चार दिवस बँकॉकला जायचं होतं. काउंटरवरच्या माणसाने भाव सांगितला. एका बाटला जवळजवळ तीन रुपये. भाचीने मान डोलावली आणि पाकीट काढलं. माझ्या पोटात मात्र कालवलं. ऑक्टोबर २००९ मध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा बाट विकत घेतले ते दीड रुपयाला.

घरी येऊन आकडे ताडून पाहिले. तेव्हा एका डॉलरला तेहतीसच्या आसपास बाट मिळत, डिसेंबर २०२५ मध्ये बत्तीसच्या आसपास मिळत होते. सोळा वर्षांत बाट जिथल्या तिथे आहे. घसरला तो आपला रुपया. बँकॉकच्या राजवाड्याचं पाचशे बाटचं तिकीट त्या दराने आपल्याला चौदाशे रुपयांना पडतं. तेवढेच बाट २००९ मध्ये सातशे-साडेसातशेत आले असते. ‘बँकॉक महाग झालं’ असं जो तो म्हणतो. त्यातला मोठा वाटा आपल्या रुपयाचा आहे, हे कुणी बोलत नाही.

पण मला खरं लागलं ते भाचीचं परतीच्या लोकलमधलं वाक्य. “मावशी, तुमचं बरं होतं, तेव्हा विमानं स्वस्त होती.” जणू आमच्या सगळ्या प्रवासांचं पुण्य कुठल्यातरी विमान कंपनीच्या खात्यावर जमा. ते तसं नव्हतं, आणि ते सांगायलाच हवं.

आमच्या प्रवासांआधीच्या काळाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. आमच्या लहानपणी परकीय चलन सरकार मोजून देई, आणि परदेशी जाणारा माणूस नोकरीला, शिकायला नाहीतर मुलाकडे जाई. बाकीच्यांसाठी पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ ही प्रवासवर्णनं होती. मग केसरीसारख्या सहल कंपन्या आल्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. इंग्रजीचं एक वाक्य न बोलणाऱ्या कितीतरी आज्यांनी त्यांच्यामुळे आल्प्स पाहिला. पण ती सहल आयुष्यातून एकदाच, प्रॉव्हिडंट फंडातून काढलेल्या पैशांची. मी डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवत होते, नवरा पोस्टात. एलटीसी (रजा-प्रवास सवलत) देशातल्या देशातच चालते, परदेशासाठी एक पैसा नाही. आमच्याजवळ वर्षाला पाच-सहा दिवस आणि दोघांत मिळून चाळीस हजार रुपये होते. एवढ्यात बसणारी सहल तेव्हा कुणाच्याच माहितीपत्रकात नव्हती.

एका सहल एजंटाकडे आम्ही चौकशीला गेलो होतो. बजेट ऐकून तो हसला, आणि ‘स्वतःचं स्वतः बुक करून गेलात तर विमानतळावरच अडकून पडाल’ असं बजावून त्याने आम्हाला महाबळेश्वरचं पॅकेज दाखवलं. त्याला उत्तर द्यायला मला दहा वर्षं लागली, पण त्या दहा वर्षांत आम्ही एकदाही कुठे अडकून पडलो नाही.

२००९ ते २०१९, ही ती दहा वर्षं.

स्वस्त विमानं होती, हे खरंच. मलेशियाच्या टोनी फर्नांडिस यांनी २००१ मध्ये कर्जात बुडालेली एअर एशिया एका रिंगिटला विकत घेतली, २००३ मध्ये शारजाची एअर अरेबिया उडू लागली, २००५ मध्ये आपली एअर इंडिया एक्सप्रेस. पण स्वस्त तिकीट आयतं हातात पडत नसे. मे महिन्यात आणि ऐन दिवाळीत भाडी आभाळाला भिडत. म्हणून आम्ही भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघायचं ठरवलं. शाळा उघडायला तेव्हा आठवडाभर अवकाश असे. तिकिटं आदल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, मंगळवार-बुधवारची, रात्री निघून पहाटे पोचणारी. एक शंभरपानी वही केली होती. डाव्या पानावर न टळणारा खर्च, म्हणजे विमान, व्हिसा, खोली. उजव्या पानावर रोजचा खर्च, जेवण, बस, तिकिटं. डावं पान एकदा ठरलं की त्याला हात लागत नाही. सगळी लढाई उजव्या पानावर असते. आमचा परदेश उभा राहिला तो या उजव्या पानावर.

पहिल्या वर्षी बँकॉकला पहाटे उतरलो. आगमनानंतर मिळणाऱ्या व्हिसाची फी त्या काळी एक हजार बाट होती (सप्टेंबर २०१६ मध्ये ती दुप्पट झाली). फोटो, परतीचं तिकीट आणि माणशी दहा हजार बाट जवळ असल्याचा पुरावा लागे. भाच्याचे, भावाचे, शेजाऱ्यांचे असे मागून आणलेले पैसे आम्ही त्यासाठी सोबत ठेवले होते आणि परत आल्यावर जसेच्या तसे फेडले. गेस्टहाउसवाल्या बाईंनी आम्हाला शहरातली पहिली गोष्ट शिकवली ती बस. लाल रंगाच्या, पंखेवाल्या काही बसगाड्यांच्या काचेजवळ थाई अक्षरांची पाटी असे. तिचा अर्थ त्यांनी सांगितला: प्रजेच्या करातून मोफत बस. २००८ मध्ये महागाईचा चटका बसलेल्या गरिबांसाठी थायलंडच्या सरकारने ही सोय सुरू केली होती. आम्ही काही ती प्रजा नव्हतो. तरी कंडक्टर बाईंनी आम्हाला कधी उतरवलं नाही. तिकीट मागायला हात पुढे केला की त्या मान हलवत आणि पुढे सरकत. खिडक्या सताड उघड्या, शेजारी बाजाराच्या टोपल्या, शाळेची मुलं. अशा बसमधून आम्ही चार दिवस ते शहर पाहिलं.

चाओ फ्राया नदीवरची केशरी झेंड्याची बोट हा तिथल्या नोकरदारांचा रोजचा रस्ता. नदी ओलांडून ‘वाट अरुण’ या मंदिराकडे जाणारा तराफ्यासारखा पडाव तीन बाट घेई. आणि हुआ लाम्फोंग स्थानकावरून अयुथ्याला जाणारी तिसऱ्या वर्गाची गाडी, पंधरा बाट, म्हणजे आपले बावीस-तेवीस रुपये. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, भातशेतं. अयोध्येच्या नावावरून नाव घेतलेलं ते शहर १७६७ मध्ये ब्रह्मदेशी फौजांनी जाळलं. शाळेत मी आग्नेय आशियाचा धडा पंधरा वर्षं शिकवला होता. झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं बुद्धाचं मस्तक समोर पाहिलं तेव्हा फळ्यावर काढलेले ते सगळे नकाशे एकदम खरे झाले.

जेवणाची चिंता होती, कारण आम्ही दोघं शाकाहारी. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधायचं, हे त्याच बाईंनी कागदावर ते अक्षर काढून शिकवलं. तिथे चिनी पद्धतीचं शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. सकाळी घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दुपारी ‘जे’चा भात.

परतल्यावर नातेवाइकांनी डोळे मिचकावले. ‘बँकॉकला कशाला गेला होतात?’ हा प्रश्न मला अनेक लग्नांत, अनेक हळदीकुंकवांत विचारला गेला. विचारणाऱ्यांपैकी कुणी अयुथ्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. एका प्राचीन, सुसंस्कृत देशाची त्यांनी दोन गल्ल्यांवरून किंमत केली होती. तो राग मी अजून सोडलेला नाही.

२०१० मध्ये एअर एशिया एक्सची क्वालालंपूर सेवा मुंबईहून सुरू झाली. फेब्रुवारीऐवजी त्या वर्षी आम्ही जूनमध्येच तिकिटं काढली, दोघांचं जाऊन-येऊन अठरा हजार. क्वालालंपूरला स्वस्त विमानांसाठी वेगळं टर्मिनल होतं, २००६ मध्ये बांधलेलं. शेडसारखी इमारत, विमानातून उतरून उन्हातून चालत जायचं. डोंबिवलीच्या पुलावर रोज चढउतार करणाऱ्या माणसाला त्यात काय कमीपणा? बाहेर शहराची बस दहा रिंगिटच्या आत. बाटू गुंफांच्या दोनशे बहात्तर पायऱ्या चढायला तिकीट नाही. रात्री मामक टपरीवर रोटी चनाई आणि उंचावरून ओतलेला ‘तेह तारिक’ चहा. तमिळ मुसलमानांनी तिथे नेलेली ती रोटी आमच्या दोघांच्या जेवणाला पुरे. पेनांगला जायला बटरवर्थहून फेरी. जाताना एक रिंगिट वीस सेन, येताना फुकट. मोटारी, स्कूटरी, नारळवाले, आम्ही, सगळे एकाच डेकवर. परतीच्या विमानाला एका कंपनीच्या काउंटरवर आमची पिशवी सात किलोऐवजी आठ भरली, आणि त्या एका किलोसाठी आमच्याकडून दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे घेतले गेले. पिशवीत विद्यार्थ्यांसाठी घेतलेले नकाशे होते. ते मी टाकून दिले नाहीत.

ती मुंबई सेवा २०१२च्या जानेवारीत बंद झाली. ते टर्मिनल २०१४ मध्ये. तरी आमचं जाणं थांबलं नाही, कारण उजव्या पानाची विद्या आम्हाला आली होती.

श्रीलंकेला २०१२ मध्ये गेलो. कोलंबो फोर्टहून कँडीला जाणाऱ्या गाडीच्या दारात बसून चहाचे मळे नाही, पण रबराची बागायत आणि धबधबे पाहिले. सिगिरियाला तेव्हा सार्क देशांच्या नागरिकांना अर्धं तिकीट असे, ते पासपोर्ट दाखवून मागून घ्यावं लागे. समोरचे तीन भारतीय पूर्ण पैसे भरून वर गेले, कारण विचारायचं त्यांना सुचलं नाही.

भूतान २०१६ मध्ये. बागडोगऱ्यापर्यंत विमान, पुढे फुन्टशोलिंगच्या वेशीवर मतदार ओळखपत्रावर परवाना, एक पैसा न घेता. तिथलं न्गुल्ट्रम रुपयाला बांधलेलं, म्हणून चलनाचं नुकसान शून्य. ८ नोव्हेंबरच्या रात्री थिंफूच्या खोलीत टीव्हीवर नोटबंदीची बातमी पाहिली. खिशात पाचशेच्या नोटा होत्या. हॉटेलच्या मालकीणबाई म्हणाल्या, “पैसे नंतर पाठवा, आधी घरी पोचा.” आम्ही पाठवले. आज त्याच देशात भारतीयाला दर रात्री बाराशे रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं. दोघांचे पाच रात्रींचे बारा हजार. आपली जंगलं, आपले डोंगर राखायला पैसे मागायचा त्यांना हक्क आहे, हे मी मानते. पण पोस्टातल्या कारकुनाला तो देश आता परवडत नाही, हेही तितकंच खरं.

२०१९ पासून एकेक दिवा मालवत गेला. १७ एप्रिलला जेट एअरवेज थांबली. चारच दिवसांनी ईस्टरच्या रविवारी श्रीलंकेत स्फोट झाले. मग महामारी. बँकॉकची मोफत बस त्याआधीच, २०१७ मध्ये बंद झाली होती. हुआ लाम्फोंगच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ मध्ये शहराच्या उत्तरेला नव्या, वातानुकूलित स्थानकात गेल्या.

आता भाचीच्या सहलीकडे येते. व्हिसाची कटकट राहिली नाही. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. तिने तिकीटही स्वस्त मिळवलं, निदान जाहिरातीत तरी. मग आसन निवडायचे पैसे, पिशवीचे पैसे, मैत्रिणीशेजारी बसायचे पैसे, पैसे भरण्याच्या सोयीचे पैसे. भाडं ‘स्वस्त’ सांगायचं आणि ते सुटे तुकडे करून वसूल करायचं, ही फसवणूक आहे, आणि ती आता इतकी रुळली आहे की कुणी तक्रारसुद्धा करत नाही.

पण माझं खरं भांडण तिच्या उजव्या पानाशी आहे. तिथे बस नाही, बोट नाही, आगगाडी नाही. सगळीकडे मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी. पोहण्याच्या तलावाचं हॉटेल, कुठल्याही स्थानकापासून दूर. मी हिशेब केला तर तिच्या चार दिवसांच्या टॅक्सीचा खर्च विमानाच्या निम्म्यावर गेला. सहलीचा काही खर्च मासिक हप्त्यांवर. आम्ही वर्षभर आधी साठवून जात होतो. ती जाऊन आल्यावर वर्षभर फेडणार आहे.

दहा वर्षं आम्हाला परदेश परवडला, तो त्या-त्या देशाने आपल्या गरिबांसाठी चालवलेल्या सोयींमुळे. बँकॉकची लाल बस, पेनांगची फेरी, कँडीची आगगाडी यांच्यापैकी एकही पर्यटकांसाठी नव्हती. आम्ही त्यांच्या कामगारांच्या, विद्यार्थ्यांच्या, बाजारकरणींच्या शेजारी बसलो म्हणून चाळीस हजारांत निभावलं, आणि म्हणूनच ते देश दिसले. अशी एखादी बस बंद होते तेव्हा तिथल्या गरिबाबरोबर आपलंही दार लागतं, ही बातमी कुठल्याच पर्यटन पुरवणीत येत नाही.

भाचीला मी काल ती वही दिली. तुम्हीही कुणी जाणार असाल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या शहराची बस शोधा, स्थानक शोधा, आणि खोली त्यांच्याजवळ घ्या. अयुथ्याला जाणारी तिसऱ्या वर्गाची गाडी अजून चालू आहे.